डाव्या फांदीवरची तीट

देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची शपथ, मोतीबिंदू काढलेल्या माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर समोर उकळतोय त्या चहाची शपथ! आता सांगणार आहे त्यातला शब्द न शब्द खरा आहे. आमच्या घरात माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, ते एक सोडा. माझ्या आजोळच्या विहिरीत मगर होती असं मी एकदा बोलून गेले, तेव्हापासून मी "दूध उतू गेलं" म्हटलं तरी नातवंडं आधी स्वयंपाकघरात बघून येतात आणि मग गॅस बंद करतात. पण ही गोष्ट तशी नाही. ही खरी आहे. माकडासकट.

"कालिंदीताई, माकडाला दोन शेपट्या आहेत," शमीम म्हणाली.

सोमवारची सकाळ. मी माझ्या टेबलाशी पात्याला धार लावत होते. ती दारात उभी, हातात प्रिंटरचा लांबच लांब कागद, आणि चेहरा असा की घरातलं कुणी गेलंय.

"दोन असतील," मी म्हटलं. "आपल्याला काय करायचंय? त्याचं तो बघेल."

"ताई, थट्टा नको. गुरुवारी कमिटी आहे."

तर आधी सगळं नीट सांगते. साल सत्त्याऐंशी. पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी एक संशोधन संस्था होती. नाव विचारू नका, तिथले लोक अजून पेन्शन घेतात. तिथे आम्ही एक यंत्र करत होतो, कपड्याच्या आड लपवलेली वस्तू दाखवणारं. आम्ही म्हणजे ठोसर सर, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी शमीम शिकलगार, आणि मी. सरांची बुद्धी, शमीमचं गणित, माझं पातं.

यंत्रातून लहरी निघायच्या. एकेक लहर जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरची. कापडातून ती आरपार जायची, धातूला थडकली की माघारी यायची. ह्या लहरी सोडायला आणि परत आलेल्या झेलायला एक पाटी होती, तळहातात मावेल एवढी. तिच्यावर तांब्याचे चौसष्ट चौकोन, एकेक मसुरीच्या डाळीएवढा, आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या तांब्याच्याच बारीक रेघा. खालून एक देठ यायचा, त्याच्या दोन फांद्या व्हायच्या, त्यांच्या आणखी दोन, असं करत करत शेवटच्या चौकोनापर्यंत. वेलीला पानं लागावीत तशी. हीच त्या यंत्राची अँटेना.

पहिल्या दिवशी मला काही कळेना, तर सर म्हणाले, "बाई, पंगत बघितली आहे ना? तशीच समजा. चौसष्ट पानं मांडली आहेत. वरण सगळ्यांच्या पानात एकाच क्षणाला पडलं पाहिजे. एकाला आधी, एकाला मागून पडलं की आपलं चित्र बिघडलं."

एवढं मला पुरलं. पंगत मला कळते.

ही पाटी जन्माला यायची माझ्या हातून. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर लाल पापुद्रा चिकटवलेला यायचा. त्यावर मी सगळी वेल दहापट मोठी कापायची, नको तो पापुद्रा चिमट्यानं सोलून काढायचा. मग फोटोवाले त्याचा दहापट लहान फोटो काढायचे आणि त्यावरून तांब्यावर नक्षी उठायची. त्याआधी मी गौरी-गणपतीची कागदी मखरं कापून विकत असे. ठोसर सरांच्या सासूबाईंनी माझं एक मखर घेतलं, सरांनी त्याच्या जाळीवर भिंग धरलं आणि आठवड्यानं मी नोकरीवर. माझं पातं असं चालायचं की डासाला कळायच्या आत त्याचा पंख निघून यायचा.

हं, हे जरा वाढवून झालं. पण खोटं नाही.

तर ते माकड. शमीम सकाळी लवकर येऊन यंत्र चालू करून चहाला गेली. खिडकी उघडी. टेकडीवरचं एक हुप्प्या माकड आत शिरलं, सरांचा चिक्कीचा डबा त्यानं उघडला आणि बसलं खात, नेमकं यंत्रासमोरच्या चौरंगावर. यंत्राला काय, समोर आलेला पाहुणा गोड मानून ते कामाला लागलं. पाटी डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकत राहिली. जिथून जितकी लहर माघारी आली तितका आकडा, शून्य ते नऊ. प्रिंटर ते आकडे ओळीत छापायचा आणि मी रंगीत पेन्सिली घेऊन ते रंगवायची, नऊ लाल, आठ नारिंगी, असं उतरत शून्याला कोरा. एका चित्राला पंचवीस मिनिटं लागायची. पंचवीस मिनिटं माकड हललं नाही, एवढी ती चिक्की चांगली होती.

मी कागद रंगवला. माकड उठून दिसलं, चिक्कीच्या पत्र्याच्या डब्यासकट. आणि शेपट्या दोन.

ठोसर सर आले, त्यांनी चित्र पाहिलं, मग रिकामा डबा पाहिला. दुःख कशाचं जास्त झालं सांगता येत नाही.

"शेपटी हलवली असेल त्यानं," सर म्हणाले. "म्हणून दोन उमटल्या."

"डबेही दोन दिसतायत, सर," शमीम हळूच म्हणाली.

"मग डबाही हलवला असेल."

मंगळवारी आम्ही डाव ठेवला, आमटी वाढतात तो पितळी डाव. शिंप्याच्या दुकानातला एक लाकडी पुतळा होता आमच्याकडे, त्याला सरांच्या सासूबाईंचं जांभळं नऊवारी नेसवलं होतं. ओच्यात डाव खोचला, यंत्र लावलं, पंचवीस मिनिटांनी कागद आला. मी रंगवला.

दोन डाव. एक ठसठशीत, आणि त्याच्या बाजूला त्याचंच फिकट भूत.

"डाव तर शेपटी हलवत नाही ना, सर?" मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेन्सिली गोळा करायला लागले.

त्या दिवशी त्यांनी सगळ्यावर संशय घेतला. मोटरवर, चौरंगावर, ट्यूबलाइटवर, शेजारच्या खोलीतल्या पंख्यावर. शमीमनं एकेक गोष्ट बदलून पाच चित्रं काढली. पाचही वेळा दोन डाव. जेवायलाही गेली नाही ती. मिरजेहून आलेली पोर, वडील तंबोरे करणारे, तीन वर्षं ह्या एका यंत्रापायी होस्टेलच्या खोलीत राहिलेली. कमिटी दिल्लीहून येणार होती, आणि तिला चित्र पटलं नाही तर प्रकल्प बंद. म्हणजे शमीमचा प्रबंध अर्धा टाकून मिरज. तिला नखं खायची सवय होती. मंगळवारपर्यंत डाव्या करंगळीचं एक तेवढं शिल्लक राहिलं होतं.

संध्याकाळी निघताना ठोसर सर दारात थांबले आणि म्हणाले, "यंत्र आपोआप चुकत नाही. कुणाचा तरी हलगर्जीपणा आहे. तो कुणाचा ते सापडलं ना, तर गुरुवारी तो माणूस मला ह्या खोलीत दिसता कामा नये. सांगून ठेवतो."

मी मान हलवली. मला काय, मी तर मखरवाली. तेव्हा मी रोजंदारीवर होते, कायम करण्याचा माझा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडलेला. दहापैकी दहा वेळा मी त्यांच्या 'हो'ला 'हो'च म्हटलं असतं.

बुधवारी सकाळी मी आले तर शमीम भिंगाखाली पाटी घेऊन बसली होती. शेजारी तिनंच काढलेला मूळ नकाशा. एकेक रेघ ती बोटानं नकाशावर धरायची आणि भिंगातून पाटीवर बघायची.

"ताई, जरा इकडे या. डाव्या फांदीवर, अगदी पहिल्या फाट्याच्या वर. हे काय आहे? नकाशात नाही हे."

मी भिंगाला डोळा लावला. रेघेच्या कडेला तांब्याचा एक ठिपका चिकटलेला होता. खसखशीच्या दाण्याचे तीन तुकडे केले तर त्यातला एक.

मी भिंगावरून डोळा काढला आणि परत लावला. कारण मी त्याला ओळखलं. आपलं पोर कुणी ओळखणार नाही का?

"तीट," मी म्हटलं.

"काय?"

"तीट गं. बाळाच्या गालाला लावतात ती. दृष्ट लागू नये म्हणून."

शमीम माझ्याकडे बघत राहिली. "अँटेनाला?"

"फार सुबक झाली होती," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आमच्या आईची रीत होती. काहीही नीटस झालं, रांगोळी असो, गोधडी असो, मखर असो, की डाव्या बाजूला एक बारीकसा ठिपका. अगदी निर्दोष वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची नाही, लोकांची नजर वाईट. मी मखरांना लावायची, तशीच इथे पाट्यांना लावू लागले. लाल पापुद्रा सोलताना डाव्या फांदीच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा ठेवून द्यायचा. कुणाला विचारायचं काय त्यात? तीट काय परवानगी घेऊन लावतात?

"किती पाट्यांना लावलीत?"

"सगळ्या. एकोणतीस."

शमीम खुर्चीवरून घसरून खाली फरशीवरच बसली. मला वाटलं रडतेय. बघते तर हसत होती, पदराचं काय, ओढणीचं टोक तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "मग आधीच्या अठ्ठावीस पाट्या कशा चालल्या?"

"त्या केवढाल्या होत्या गं! एकेक चौकोन बिस्किटाएवढा. तिथे माझी तीट म्हणजे लग्नाच्या मांडवात मुंगी."

"आणि आता चौकोन मसुरीच्या डाळीएवढा झाला," ती म्हणाली. "लहर लहान झाली, पान लहान झालं, आणि तुमची तीट होती तेवढीच राहिली." तिनं नकाशावर बोट ठेवलं. "इथे आहे ती. इथून डावीकडच्या बत्तीस पानांना वाढतात. वाढपी प्रत्येक वेळी इथे ठेचकाळतोय, ताई. उजवी पंगत जेवायला लागते, डावी वाट बघत बसते."

"आणि म्हणून दोन डाव?"

"म्हणून दोन शेपट्या." मग म्हणाली, "अब्बा तंबोऱ्याच्या तारेखाली सुती दोरा सरकवतात. केसभर इकडे-तिकडे झाला की सगळा सूर फिरतो. मी तीन दिवस लाकूड तपासत बसले. दोरा बघितलाच नाही."

नवीन पाटी करायला आठवडा लागायचा. आमच्याकडे एक दिवस होता. मी पातं काढलं.

"ताई, रेघ कापली गेली तर?"

"तर तू मिरजेला आणि मी मखरांना. भिंग धर."

आयुष्यात मी पुष्कळ कापलं, पण तेवढं बारीक त्याआधी नाही आणि नंतर नाही. श्वास सोडला की पातं हलत होतं, म्हणून श्वास घेतलाच नाही. किती वेळ म्हणाल तर आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावरून तीनवर गेला. तुम्ही म्हणाल पंधरा मिनिटं बिनश्वासाची बाई मरेल. मी नाही मेले. समोर बसलेय.

तीट निघाली. रेघ शाबूत.

डाव खोचला, यंत्र लावलं. कागद आला, मी रंगवला. माझ्या शेजारी शमीम उरलेल्या नखावर आली होती. ओच्याच्या घडीतून हळूहळू वर आला तो लालभडक, गोल वाटीचा, लांब दांड्याचा एक डाव. एकच. बाजूला भूत नाही, भुताची सावलीही नाही.

तेवढ्यात ठोसर सर आत आले. त्यांनी कागद उचलला, खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. मिशीखाली हसू फुटत होतं ते त्यांनी दाबलं.

"काय होतं?" त्यांनी विचारलं. "कारण काय निघालं?"



"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "डाव्या फांदीवर एक ठिपका जास्तीचा आला होता."

मिशीखालचं हसू गेलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "तीन वर्षं. एका ठिपक्यापायी. मी काय बोललो होतो काल? उद्या दाराबाहेर. स्टुलावर. कमिटीनं विचारलं तरी नाव नाही, काम नाही, काही नाही."

कागद टेबलावर ठेवून ते निघून गेले.

गुरुवारी कमिटी आली. तिघं होते. त्यांचे प्रमुख मिश्रा म्हणून, इंदूरकडचे गोरेपान म्हातारे, खिशात पानाचा डबा. बाहेर कॉरिडॉरमध्ये स्टूल मांडलेलं. त्यावर बसून माणूस काय करणार? नखं असतील तर खाणार. दाराला वरच्या बाजूला काचेचा एक चौकोन होता, टाचा उंच केल्या की आतलं दिसायचं. बाकी वेळ नुसता आवाज.

सरांनी डाव आणि त्याचं चित्र पुढे केलं तसे मिश्रा हसले. "डॉक्टरसाहब, आप ही ने रखा, आप ही ने देखा. इसमें कमाल क्या? आप सब बाहर जाइए. मैं रखूँगा."

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पुतळ्याच्या नऊवारीत काय खोचायचं ते खोचलं आणि मग आत बोलावलं. पाटी सरकायला लागली. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. पंचवीस मिनिटं गेली. कागद बाहेर आला आणि मी पेन्सिली घेतल्या. नऊ लाल, आठ नारिंगी. आधी दोन दांडे उमटले, एका टोकाला जुळलेले. मग त्यांतला एक मध्येच फुगला आणि आतून बाकदार झाला.

"पक्कड," ठोसर सर म्हणाले.

मिश्रांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. दुसऱ्या एका साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. सरांच्या कपाळावर घाम आला. मी अजून दोन ओळी रंगवल्या आणि माझा हातच थांबला. पक्कड अशी असते होय? असला बाक मी जन्मभर बघितलाय. माझ्या सासऱ्यांच्या हातात, दिवसातून वीस वेळा.

"पक्कड नाही, सर," मी म्हटलं. "अडकित्ता आहे तो. सुपारीचा."

"क्या बोलीं?" मिश्रांनी विचारलं.

"सरौता, साहेब. एकच आहे."

म्हाताऱ्यानं उठून नऊवारीच्या निऱ्यांत हात घातला आणि अडकित्ता बाहेर काढला. पितळी, मोराच्या मानेचा. चित्रावर त्यानं तो ठेवला. मोराची मान मोराच्या मानेवर बसली. मग त्यानं खिशातून सुपारी काढली, तिथेच कातरली आणि पहिलं खांड ठोसर सरांच्या हातावर ठेवलं.

प्रकल्पाला आणखी तीन वर्षं मिळाली. कमिटीची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सरांनी कॉरिडॉरमधलं ते स्टूल स्वतः उचललं आणि आत आणून ठेवलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. स्टूल उचलायला ते शिकले, हेच खूप.

माझ्या कागदावर सही झाली. चोवीस वर्षं नोकरी करून मी तिथूनच निवृत्त झाले. शमीम डॉक्टर झाली, पुढे कुठे कुठे शिकवायला गेली. पण त्या शुक्रवारी ती नव्या पाटीचा नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आली, तो मला अजून दिसतो. चौसष्ट पानं, देठ, फांद्या, सगळं नेहमीसारखं. आणि अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, तांब्यापासून पुष्कळ लांब, पेन्सिलनं काढलेलं एक बारीक वर्तुळ. त्याला बाण, आणि बाणाशी लिहिलेलं, 'तीट. इथेच.'

"इथे लावलीत तर कुणाच्या पानाला धक्का नाही," ती म्हणाली. "मी मोजून बघितलंय."

संपली गोष्ट. शब्द न शब्द खरा.

आता तुमच्यातल्या एखाद्यानं मघाशीच भुवई वर केली असेल, मला माहीत आहे. बाहेर स्टुलावर बसवलेल्या बाईनं आतला कागद कसा रंगवला? काचेच्या चौकोनातून पेन्सिली आत टाकल्या काय?

बरं. एवढी एक गोष्ट मी माझ्या मनची घातली. "सर, चूक माझी आहे" हे मी म्हटलं नाही. ते शमीम म्हणाली. मी टेबलाशी उभी होते, हातात लाल पेन्सिल, आणि माझं तोंड उघडलं होतंही. तिनं टेबलाखालून माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. नंतर म्हणाली, "तुम्हाला ते संध्याकाळपर्यंत घरी पाठवतील, ताई. मला पाठवायचं तर त्यांना तीन वर्षं फाडावी लागतील." स्वतःच्याच यंत्राची परीक्षा चालू असताना ती बाहेर स्टुलावर बसली. मी आत अडकित्ता ओळखून वाहवा घेतली. दार उघडून बाहेर आले तर ती ताडकन उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "किती?"

"एकच," मी म्हटलं.

इतकी वर्षं ते वाक्य मी स्वतःच्या तोंडात घालून बघतेय, बसतं का. नाही बसत.

बाकी माकडासकट सगळं खरं.